लाल दोरा, पिवळा दोरा

माझा भाऊ यशू, म्हणजे यशवर्धन, आठ वर्षांचा आहे आणि इंदूरमधला सगळ्यात मोठा कचरागाडी-एक्स्पर्ट आहे. मी बहीण आहे म्हणून सांगत नाहीये, गल्लीत कोणालाही विचारा. सकाळी अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूला गाडीचं गाणं वाजायला लागतं, आणि आपल्या कानांना ते कळायच्या आधी यशू गेटच्या पायरीवर उभा असतो. ओला कुठे, सुका कुठे, कोणत्या खणात काय पडायला पाहिजे, त्याला सगळं पाठ. शेजारच्या विजयकाकांनी एकदा केळ्याचं साल सुक्यात टाकलं तर तो असा ओरडला की काका आजही आधी त्याला डबा दाखवतात आणि मग रिकामा करतात.

यशूला ऑटिझम आहे. तोंडाने तो फार बोलत नाही. तो बोलतो त्याच्या कमरेच्या निळ्या पाऊचमधून. त्यात लॅमिनेट केलेली फोटोंची कार्डं आहेत: पाणी, पोहे, झोका, पुन्हा, नको, दुखतंय, आवाज बंद, आणि कचरागाडी, तीसुद्धा दोन बाजूंनी काढलेली, कारण एका बाजूने त्याला ती अर्धवट वाटते. जे हवं ते कार्ड काढायचं आणि समोरच्याच्या हातात ठेवायचं. हे त्याला थेरपीच्या सुरभी मॅडमनी शिकवलं. इतकं हळूहळू शिकवलं की तेवढ्यात मी सातवीतून नववीत पोचले.

आता माझ्याबद्दल. मी संहिता. मागच्या वर्षीपर्यंत मी ती मुलगी होते जी हजेरीला ‘यस मॅम’ इतक्या हळू म्हणायची की मॅमनी दोनदा गैरहजेरी लावली होती. या वर्षी ॲन्युअल फंक्शनचं अँकरिंग करणारी मुलगी आजारी पडली, मला ढकललं गेलं, आणि माइक हातात आल्यावर कळलं की अरे, हे तर मला जमतं! तेव्हापासून मी थांबलेच नाहीये. बाबा म्हणतात, घरात एक कार्डाने बोलतो आणि दुसरी लाउडस्पीकरने.

तर झालं असं की एका संध्याकाळी अनुश्रीआत्या धाडकन घरात आली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते आणि तिचं पार्लर आहे. इंदूरची कोणतीही बातमी पेपरात यायच्या आधी आत्याकडे थ्रेडिंग करून जाते.

“वहिनी, आता बघच तू!” आत्याने पर्समधून एक छोटी काळी बाटली काढून टेबलावर ठेवली. “राजवाड्याकडे नवीन सेंटर उघडलंय. हे थेंब रोज जिभेवर. तीन महिन्यांत पोरं बोलायला लागतात. माझ्या कस्टमरच्या जावेच्या मुलाचा व्हिडिओ बघ.”

व्हिडिओत एक गोड मुलगा आधी गप्प होता आणि मग ‘मम्मी, पापा’ म्हणत होता. मागे बासरी वाजत होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, खरं सांगते.

“मस्त आहे ना?” आत्या म्हणाली. “बस, एक अट आहे. थेंब सुरू केले की बाकी सगळं बंद करायचं. सुरभी मॅडम बंद, ही कार्डं-बिर्डं पण बंद. सेंटरचे सर बोलले, कार्डांनी पोरं आळशी होतात, बोलायची गरजच नाही वाटत त्यांना.”

यशू आईच्या मांडीला टेकून बसला होता. आईचा हात आपोआप त्याच्या पाऊचवर गेला.

“आणि संहू,” आत्या माझ्याकडे वळली, “पुढच्या महिन्यात त्यांचा प्रोग्राम आहे, मोठ्या हॉलमध्ये. मी सरांना सांगितलं की माझी भाची अँकरिंग करते. ते बोलले, बहन स्टेज पे बोलेगी तो पब्लिक रो पड़ेगी.”

झालं. माझ्या डोक्यात तिथेच पडदा उघडला. शाळेचा नाही, खरा हॉल! पहिलं वाक्यसुद्धा सुचलं.

आता माझी आई. आई, म्हणजे मंजिरी, सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यात क्वालिटी बघते. तिथे नवीन बेसन आलं, मसाल्यात काही बदललं, की चाखणाऱ्यांसमोर स्टीलच्या ताटल्या ठेवतात. प्रत्येक ताटलीत शेव, कोणत्या घाण्यातली ते कोणाला सांगत नाहीत. नाव कळलं की जीभ नावाप्रमाणे बोलते, असं आई म्हणते. ती घरी लोणचंसुद्धा डोळे मिटून चाखते.

आईने बाटली उलटसुलट करून पाहिली, मग सेंटरला फोन लावला, स्पीकरवर.

“भाईसाहब, इसमें है क्या?”

“मैडम, वो हमारा सीक्रेट फ़ॉर्मूला है.”

“अच्छा. कितने बच्चों को दिया?”

“बहुत सारे.”

“और जिनको फ़र्क़ नहीं पड़ा, वो कितने?”

“ऐसा तो कोई है ही नहीं, मैडम!”

आईने थँक्यू म्हणून फोन ठेवला. “आमच्याकडे एखादा सप्लायर म्हणाला ना, की त्याचं एकही पोतं कधी खराब निघालं नाही, तर आम्ही आधी त्याचीच पोती उघडतो.”

“वहिनी, तू प्रत्येक गोष्टीत शेव का आणतेस!” आत्या वैतागली.

बाबा, म्हणजे देवेंद्र, सिमरोलच्या इंजिनीअरिंगवाल्या कॅम्पसच्या ऑफिसात आहेत. त्यांनी तिथल्या लायब्ररीतल्या भूषणकाकांकडून शोधून घेतलं. थेंबांवर कोणीही, कुठेही काही तपासलेलं सापडलं नाही. कार्डांवर सापडलं. त्या संशोधनाचे कागद मी आणि आईने दुपारी बसून वाचले, ती अवघड जागी बोट ठेवायची आणि मी मोठ्याने वाचायचे. आई प्रत्येक कागदाला तेच विचारायची. किती मुलं होती? ज्यांना हे शिकवलं नाही अशी पण मुलं होती का, तुलनेला? आणि बघणाऱ्याला माहीत होतं का, कोणतं मूल कोणत्या गटातलं?

“म्हणजे कार्डांनी जादू होते असं नाही लिहिलंय,” आई म्हणाली. “मुलं मागायला शिकतात, आणि कार्डांमुळे बोलणं थांबतं असं दिसत नाही. काही थोडं जास्त बोलतात. सगळी नाही.”

“बस, एवढंच?” मी म्हटलं. “आई, हे किती बोअरिंग आहे! थेंबवाले तरी गॅरंटी देतात. ट्राय करायला काय जातं?”

आईने कागद बाजूला ठेवले. “ट्राय करायला यशूचं पाऊच जातं, संहू. उद्या त्याचं पोट दुखलं, तर तो काय काढून देईल?”

मी मान डोलावली. पण खरं सांगायचं तर हॉल डोक्यातून गेला नव्हता. आणि आत्या तर रोज यायची आणि यशूने कार्ड दिलं की ते उलटं करून ठेवायची. “नहीं बेटा, मुँह से. बोल, पा-णी. बोल!” यशू कार्ड परत सरळ करायचा. आत्या परत उलटं. शेवटी तो कानांवर हात ठेवून पलंगाखाली जायचा आणि आत्याचे डोळे भरून यायचे. तिला वाईट नव्हतं वागायचं. तिला फक्त एकदा त्याच्या तोंडून ‘आत्या’ ऐकायचं होतं.

एके दिवशी आई म्हणाली, “ठीक आहे. बघू या. पण माझ्या कारखान्याच्या पद्धतीने.”

तिने दोन सारख्या ड्रॉपरच्या बाटल्या आणल्या. एकीच्या गळ्याला लाल दोरा, दुसरीच्या पिवळा. भरल्या बाबांनी, स्वयंपाकघराचं दार लावून. “एक आठवडा लाल, एक पिवळा, मग पुन्हा लाल, पुन्हा पिवळा,” आई म्हणाली. “पाऊच आणि सुरभी मॅडम तोवर चालू. दोघींनी यशूकडे नीट बघायचं, आपसात बोलायचं नाही आणि देवेंद्रला काही विचारायचं नाही. शेवटी तुम्हीच सांगा काय दिसलं, आणि पाऊच काढायचं की नाही ते पण तुम्हीच ठरवा.”

“पक्का?” आत्याने विचारलं.

“पक्का.”

मग काय विचारता! मी कधी यशूकडे एवढं बघितलं नव्हतं. दोन्ही बाटल्या त्याला आवडल्या, थेंब पडले की तो ‘पुन्हा’चं कार्ड द्यायचा. लाल आठवड्यात मला तो चिडका वाटला. आणि पिवळा सुरू झाला तशी गंमत! मी हाक मारली आणि त्याने वळून बघितलं. तो लवकर झोपला. आणि गाडी आली तेव्हा गेटवर उभं राहून तो चक्क म्हणाला, “गा.” गाडीचा गा! मी आत पळत आले आणि आईला मिठी मारली. आई हसली, पण विचित्रच हसली. म्हणाली, “कोणता दोरा आहे सध्या?” जसं काही तिला माहीतच नव्हतं.

मी भाषण पूर्ण तयार केलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. माझं मीच रडले, मग पब्लिक का नाही रडणार?

शेवटचा आठवडा संपला त्या रविवारी सकाळी सगळे घरच्या हॉलमध्ये बसलो. बाबांनी कोपऱ्यावरून पोहे-जलेबी आणली होती. यशू खाली बसून पोह्यांवरची शेव वेचून तिची रांग लावत होता.

“बोला,” आई म्हणाली.

मी स्टीलचा ग्लास माइकसारखा धरला. “लेडीज अँड जेंटलमेन! अन्नपूर्णा रोडच्या या ऐतिहासिक सकाळी, ज्या बाटलीने माझ्या भावाला आवाज दिला, ती आहे...”

“लाल!” आत्या ओरडली.

“पिवळी!” मी ओरडले.

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

“काहीही काय!” आत्या म्हणाली. “लाल आठवड्यात तो माझ्या खांद्याला टेकून बसला. टेकून! पूर्ण सीरियल संपेपर्यंत. आणि माझ्या बांगड्यांना हात लावला. पिवळ्यात तर माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही.”

“अगं आत्या, लाल आठवड्यात तो किती चिडचिड करत होता! पिवळ्यात ‘गा’ म्हणाला तो! शब्द!”

“‘गा’ काय शब्द आहे का!”

“आणि टेकणं काय भाषण आहे का!”

“तू लहान आहेस, तुला कळत नाही.”

“तू आलीस की तो पलंगाखाली जातो, तुला काय दिसणार?”

“संहिता!” बाबा म्हणाले, पण त्यांच्या तोंडात जलेबी होती आणि खांदे हलत होते. “मंजू, सांगून टाक गं बाई. मला आता आवरत नाहीये.”

आईने दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या, शेजारी शेजारी.

“दोन्हीत साखरेचं पाणी आहे,” ती म्हणाली. “उकळून गार केलेलं. दर दोन दिवसांनी देवेंद्र नवीन भरत होता. दोन्ही एकाच पातेल्यातलं.”

“मग थेंब?” आत्याने विचारलं.

“तुझी बाटली फ्रिजच्या दारात आहे, सील तसंच आहे. अनू, ज्या पोत्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ते मी कारखान्याच्या गेटच्या आत येऊ देत नाही. आणि माझ्या पोराच्या पोटात जाऊ देऊ?”

मी आठवून पाहिलं. आईने एकदाही म्हटलं नव्हतं की एका बाटलीत औषध आहे. ते आम्हीच धरून चाललो होतो.

“आमच्याकडे नवीन माणूस चाखायला आला ना,” आई म्हणाली, “की पहिल्या दिवशी त्याला दोन ताटल्या देतो, एकाच घाण्यातल्या शेवेच्या. आम्ही त्यांना जुळ्या ताटल्या म्हणतो. आणि विचारतो, जास्त चांगली कोणती? जवळजवळ प्रत्येक जण एक उचलतो आणि का चांगली ते पण समजावून सांगतो. हिच्यात हिंग जास्त आहे, ही कुरकुरीत आहे. शेव तपासायच्या आधी जीभ तपासावी लागते. परीक्षा यशूची नव्हतीच.”

“पण तो ‘गा’ म्हणाला,” मी म्हटलं. माझा आवाज एकदम जुन्या हजेरीच्या दिवसांसारखा झाला होता.

“म्हणाला ना. दिवाळीत पण म्हणाला होता. तेव्हा तू प्रॅक्टिसला जायचीस, तुझं लक्ष नव्हतं. आता तू बघत होतीस म्हणून तुला दिसलं.”

“म्हणजे आम्ही दोघी वेड्या,” आत्या म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

“मी पण,” आई म्हणाली. “मला माहीत होतं गं. पातेलं मी ठेवलं गॅसवर. तरी पिवळ्या आठवड्यात एके सकाळी तो माझ्याकडे बघून हसला आणि मला वाटलं, आज काहीतरी वेगळं आहे. माहीत असून वाटलं! मला काय वाटत नसेल का, की एक दिवस उठून त्याने ‘आई’ म्हणावं? एवढं वाटतं ना, म्हणूनच माझ्या डोळ्यांवर माझा भरोसा नाही.”

हे ऐकून माझं भाषण घशात विरघळून गेलं. पण आत्याचं डोकं अजून तापलेलंच होतं. “तरी वहिनी, तू मला बनवलंस! घरच्या माणसाला! मी काय दुश्मन आहे त्याची? कस्टमरसमोर मी छाती ठोकून सांगितलं की आमचा यशू...” ती उभी राहिली, आवाज चढत गेला, बाबा पण मध्ये बोलायला लागले, “अनू, अगं ऐक”, मी पण बोलायला लागले, मी म्हणजे लाउडस्पीकर, आणि सगळा हॉल भरून गेला.

यशूने शेवेची रांग सोडली. तो उठला. मला वाटलं, गेला पलंगाखाली. पण त्याने पाऊचची चेन उघडली, आतलं एक कार्ड शोधलं, आणि सरळ आत्याकडे जाऊन तिच्या हातात ठेवलं.

‘आवाज बंद.’

आत्या त्या कार्डाकडे बघत राहिली. आम्ही सगळे चूप.

“हे...” ती अगदी कुजबुजत म्हणाली, “हे मला बोलला तो?”

“तुलाच,” आई पण तितक्याच हळू म्हणाली.

यशू उभाच होता. सुरभी मॅडमनी शिकवलंय, उत्तर येईपर्यंत थांबायचं. आत्याने कार्ड उलटं केलं नाही. ती खाली बसली, ओठांवर बोट ठेवलं, आणि मान हलवली. यशूने कार्ड परत घेतलं, पाऊचमध्ये नीट ठेवलं, आणि जाऊन शेवेची रांग पुढे सुरू केली.

“म्हणजे हे नसतं तर...” आत्या म्हणाली. तिने दुपट्ट्याने नाक पुसलं. मग एकदम हसायला लागली, आवाज न करता, पोट धरून. “वहिनी, मी पार्लरमध्ये नवीन ट्यूबलाइट लावली ना, तेव्हापासून सगळ्या म्हणतात, अनुश्रीजी, तुमचं फेशियल एकदम सुधरलंय. क्रीम तीच आहे गं! मी कशी काय फसले?”

पाऊच काढायचं की नाही, हे मग कोणी विचारलंच नाही. सेंटरला फोन मी केला. हो, मी, अजून थोडी हिंमत शिल्लक होती.

“सर, मैं संहिता. मैं आपके प्रोग्राम में नहीं बोल पाऊँगी. हमने दोनों बोतल में चीनी का पानी दिया था, फिर भी सबको फ़र्क़ दिखा.”

“देखा बेटा!” सर खूश झाले. “ये है विश्वास की ताक़त!”

“तो सर, फिर ड्रॉप्स की क्या ज़रूरत है?”

मग, “बेटा, मम्मी को फ़ोन दो.”

“मम्मी ही पूछ रही हैं, सर.”

फोन कटला. बाबांनी मला एक अख्खी जलेबी दिली, बक्षीस म्हणून.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. यशूच्या पाऊचमध्ये आईचं कार्ड आहे, बाबांचं आहे, माझं आहे, विजयकाकांचंसुद्धा आहे. आत्याचं नाही. तिने कधी काढूच दिलं नव्हतं, म्हणायची मला नावाने बोलवेल तो. त्याच दुपारी ती स्वतःच म्हणाली, “संहू, माझा पण फोटो काढ ना.” आणि मी मोबाइल वर केला तर, “थांब थांब, अशी नाही! लिपस्टिक तर लावू दे.” काळी ओढणी नको, गुलाबी पाहिजे. शेवटी पंधराव्या फोटोवर पास झाली. सुरभी मॅडमनी कार्ड बनवून दिलं आणि पुढचे काही दिवस यशूला ते दाखवायचं, आत्या समोर आली की त्याच्या हातात द्यायचं, एवढंच केलं. आत्या रोज यायची आणि काही न बोलता बसायची. आत्यासाठी हे केवढं कठीण आहे, ते तिच्या कस्टमरना विचारा.

काल सकाळी ती गाऊनवर ओढणी घेऊन, दूध आणायला म्हणून निघाली आणि आमच्याकडे टपकली. यशू पाऊच लावून तयारच होता, गाडीची वेळ होती. त्याने तिच्याकडे बघितलं. पाऊच उघडलं. आणि तिच्या हातात दोन कार्डं ठेवली, एकापाठोपाठ एक. आत्या. कचरागाडी.

“हाय रे!” आत्या किंचाळली, मग लगेच तोंडावर हात ठेवला आणि कुजबुजली, “मला गाडी बघायला बोलावतोय!”

“किंवा,” बाबा पेपराआडून म्हणाले, “तुला कचरागाडीत द्यायचं म्हणतोय.”

“दादा!”

“बोलावतोयच,” मी म्हटलं. “शंभर टक्के.”

“कशावरून?” आईने विचारलं. तिच्या हातात डबे होते, ओला आणि सुका.

“तपासून बघू,” मी म्हटलं.

आम्ही यशूच्या मागे बाहेर गेलो. मंदिराकडून गाणं यायला लागलं होतं. यशू पायरीवर चढला, जिथे तो रोज अगदी मधोमध उभा राहतो, विजयकाकांनाही सरकू देत नाही. आत्या खाली गेटजवळ उभी राहिली, श्वास रोखून. आईने मला कोपर मारलं, काही बोलू नकोस म्हणून.

गाणं वळणावर आलं. यशू गाडीकडे बघत होता, आमच्यापैकी कोणाकडेच नाही. आणि बघता बघता तो एका बाजूला सरकला.

पायरीवर एका माणसापुरती जागा झाली.

आत्या चढली.